समुद्राच्या प्रदर्शनात एक टेबल एकपेशीय मंडळींनाही द्या : प्रदर्शन समितीला खुलं पत्र

प्रति,
आपल्या मंडळाच्या विज्ञान प्रदर्शन समितीतले सगळे काका, काकू, दादा आणि ताई,

सप्रेम नमस्कार.

मंडळाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. बडोद्यात ज्याला कळायचं त्याला कळेलच, आणि ज्यांना नाही कळणार त्यांच्या मंडळातही साधारण असंच चालतं, त्यामुळे त्यांनी वाचलं तरी काही बिघडत नाही.

यंदाच्या प्रदर्शनाचा विषय ‘समुद्र’ ठेवलात हे फार बरं केलंत, दरवर्षीचा तो ज्वालामुखी आणि सोलर कुकर बघून बघून कंटाळा आला होता. ग्रुपवर स्टॉलची यादी आली, त्यात व्हेल आहे, डॉल्फिन आहे, शार्क, प्रवाळ, खारफुटी, प्लास्टिक, त्सुनामी, बुडालेली द्वारका, एवढंच काय पाणबुडी पण आहे. माझ्या आठवीतल्या भाचीने ‘समुद्रातले एकपेशीय जीव’ हा विषय मागितला, तर तिला उत्तर मिळालं की बेटा जे डोळ्यांना दिसतच नाही ते बघायला लोक कशाला येतील, आणि शिवाय ते सगळं जंतूंमधे येतं, पुढच्या वर्षी आरोग्य विषय घेऊ तेव्हा बघू. पोरगी काही बोलली नाही, गुपचूप डॉल्फिन घेतला. मामा मात्र गप्प बसणाऱ्यातला नाही, म्हणून हे पत्र. ग्रुपवर लिहिलं असतं तर दोन गुड मॉर्निंगच्या खाली गेलं असतं.

गंमत म्हणजे यादीबरोबर जे पोस्टर फिरतंय, रात्रीचा किनारा आणि निळ्या चमकणाऱ्या लाटा, तो फोटो ह्याच जीवांचा आहे हो! अशा लाटांमधला उजेड बहुतेक वेळा डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशीय जीवांचा असतो, आपल्याकडे त्यातला नॉक्टिल्युका जास्त प्रसिद्ध. पाणी हललं की पेशीच्या आत एक रासायनिक क्रिया होते आणि क्षणभर उजेड पडतो. म्हणजे पोस्टरवर त्यांना लावलंत आणि हॉलमधे जागा नाही म्हणालात.

मी काही प्राध्यापक नाही, नंदेसरीला एका केमिकल प्लांटमधे प्रॉडक्शनला आहे. पण ह्या मंडळींशी माझी रोजची गाठ आहे, आणि ‘दिसत नाही’ ह्या आक्षेपाला उत्तर पण तिथूनच देतो. बडोदा, अंकलेश्वर, वापी ह्या पट्ट्यात केमिकलमधे काम करणाऱ्या कुणालाही हायफ्लो म्हणजे काय विचारा, लगेच सांगेल. पांढरी, हलकी, पिठूळ पावडर. मालाच्या बॅचचा नको असलेला रंग काढायला कार्बन ट्रीटमेंट दिली की तो बारीक काळा कार्बन गाळायला ती लागते. सॉल्व्हेंटमधे तिची स्लरी करायची, नट्श म्हणजे व्हॅक्यूमवर चालणारी मोठी गाळणी, तिच्या कापडावर एकसारखी ओतायची, व्हॅक्यूम हळूहळू द्यायचा म्हणजे इंचभर जाडीचा सपाट बेड बसतो, मग वरून बॅच सोडायची. घाई केली आणि बेडला तडा गेला की कार्बन खाली उतरतो, गाळून आलेला द्राव काळा येतो, मग सगळी बॅच परत गाळा आणि वर शिफ्ट इन्चार्जची बोलणी खा.

तर ही पावडर म्हणजे डायटम नावाच्या एकपेशीय जीवांची कवचं. सिलिकाची, काचेचीच म्हणा ना. कॅलिफोर्नियात लोम्पोक म्हणून गाव आहे, तिथे लाखो वर्षं समुद्राच्या तळाशी ही कवचं साठत गेली, नंतर तो तळ वर उचलला गेला, आणि आता तिथे त्याच्या खाणी आहेत. खणायचं, भट्टीत भाजायचं, पोत्यात भरायचं. हे इतकं छान का गाळतं, तर त्या कवचाला मुळातच रांगांनी बारीक भोकं असतात आणि कवचं एकमेकांवर वेडीवाकडी पडली की मधेही जागा राहते, त्यामुळे बेडचा बहुतेक भाग नुसता मोकळाच असतो, द्राव सरसर जातो आणि कार्बन अडकून बसतो. ह्याच मातीत नायट्रोग्लिसरीन जिरवून आल्फ्रेड नोबेलने १८६७ मधे डायनामाइटचं पेटंट घेतलं. नुसतं नायट्रोग्लिसरीन जरा हादरलं तरी उडायचं, ह्या पावडरीत शोषलं गेल्यावर ते नीट हाताळता यायला लागलं. म्हणजे नोबेल पारितोषिकाच्या पैशातही डायटमचा थोडा हात आहे असं मी तरी मानतो.

हायफ्लोची चिमूट पाण्यात कालवून काचपट्टीवर घ्या आणि शाळेतल्या साध्या मायक्रोस्कोपखाली चारशे पटीला बघा. बरेचसे तुकडेच असतात, भाजताना आणि दळताना फुटलेले, पण मधेच एखादी अख्खी गोल चकती सापडते, तिच्यावर केंद्रापासून कडेपर्यंत ठिपक्यांच्या ओळी, इतक्या सारख्या अंतरावर की हे कुणी आखलं नाहीये ह्यावर विश्वास बसत नाही. फोकस किंचित वरखाली केला की ठिपके आळीपाळीने काळे आणि पांढरे होतात. आमच्याकडचा एक ऑपरेटर, वर्षानुवर्षं हायफ्लोची पोती फोडलेला माणूस, त्याला दाखवलं तर म्हणाला, “साहेब, आ तो डिझाइन छे!” आणि मग जागचा हलेचना. लोक बघायला येत नाहीत असं कोण म्हणतं?

डायटमची राहणी पण ऐकण्यासारखी आहे. त्याचं कवच म्हणजे डबी आणि तिचं झाकण, दोन अर्धे, एक जरासा मोठा आणि दुसरा त्याच्या आत बसणारा. पेशीचे दोन भाग झाले की प्रत्येकीला एक अर्धा मिळतो आणि ती तो झाकण म्हणून वापरते, आतला भाग नवीन बनवते. म्हणजे जिच्या वाट्याला मूळचं झाकण आलं ती आईएवढी, आणि जिला आतला अर्धा मिळाला ती थोडी लहान. असं पिढ्यानपिढ्या चाललं की सरासरी आकार घटत जातो, शेवटी इतका की पुढे जमेना. मग त्या पेशी लैंगिक प्रजनन करतात, कवच टाकून देतात, फुगून पुन्हा पूर्ण आकाराच्या होतात आणि नवीन कवच बांधायला घेतात. काही जाती ह्याला पळवाटा काढतात, पण साधारण नियम हा.

आता ज्यांना मायक्रोस्कोप नकोच आहे त्यांच्यासाठी. फोरॅमिनिफेरा म्हणून ह्यांचे भाऊबंद आहेत, थोडक्यात फोरॅम म्हणतात, ते चुन्याचं कवच बांधतात. त्यातले न्यूम्युलाइट हे रुपयाच्या नाण्याएवढे, काही तर त्याहून कितीतरी मोठे असायचे, आणि तरीही प्रत्येक नाणं म्हणजे एकच पेशी! कच्छमधे हरुडीच्या बाजूला चार-साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडकात हे ढिगाने सापडतात. त्याच भागातल्या खडकांत सुरुवातीच्या व्हेलची हाडं पण सापडलीत, पाय असलेल्या व्हेलची, ते एक वेगळंच प्रकरण. गिझाच्या पिरॅमिडचा चुनखडक न्यूम्युलाइटने भरलेला आहे, आणि दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्राबो नावाच्या ग्रीक भूगोलकाराने तिथल्या लोकांचं म्हणणं लिहून ठेवलंय की कामगारांच्या जेवणातली मसूर सांडली आणि तिचा दगड झाला. आजही खोल समुद्रात झेनोफायोफोर म्हणून फोरॅम आहेत, एकेक पेशी वीतभर होऊ शकते, २०११ मधे ते मारियाना गर्तेत साडेदहा किलोमीटरच्या खाली कॅमेऱ्यात दिसले. दिसत नाही म्हणे! आणि आपल्या गुजरातचा पोरबंदरी दगड, जो मुंबईच्या जुन्या इमारतींना लागला, त्याला भूशास्त्रात मिलिओलाइट म्हणतात, कारण त्यात मिलिओलिड जातीच्या फोरॅमची कवचं मिळतात. तेलाच्या विहिरी खणताना वर येणाऱ्या दगडाच्या चुऱ्यात फोरॅम बघूनच ठरवतात की आपण कुठल्या काळाच्या थरात पोचलोय. अंकलेश्वरला तेल लागलं १९६० मधे, तेव्हापासून आपल्या भागात किती घरं तेलावर चालली ते मी तुम्हाला सांगायला नको.

तुम्ही जे स्टॉल मंजूर केलेत तेच घ्या ना. व्हेलच्या स्टॉलवर कमाटीबागेतल्या म्युझियममधल्या सांगाड्याचा फोटो असणारच, बडोद्याच्या प्रत्येक पोराने त्या सत्तरेक फुटी निळ्या व्हेलखाली मान वर करून फोटो काढलाय. एवढा देह कशावर पोसला जातो, तर क्रिलसारख्या बोटभर झिंग्यांवर, आणि क्रिल पोसले जातात मुख्यतः डायटम आणि त्यांच्यासारख्या एकपेशीय जीवांवर. जुन्या व्हेलशिकाऱ्यांनी ह्या व्हेलला गंधकपोट्या अशा अर्थाचं नाव दिलं होतं, कारण थंड पाण्यात राहून आला की त्याच्या पोटावर पिवळसर थर दिसायचा, तो थर पण डायटमचाच. प्रवाळाच्या स्टॉलवर रंगीत फोटो लावणार, ते रंग बऱ्याच अंशी प्रवाळाच्या पेशींच्या आत राहणाऱ्या डायनोफ्लॅजेलेटमुळे, तेच उन्हात साखर बनवून प्रवाळाला खायला घालतात. पाणी तापलं की ही जोडी फुटते, ते आतले भाडेकरू बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरं पडतं, ब्लीचिंग म्हणतात ते हेच. आपल्या कच्छच्या आखातात, पिरोटनला, ओहोटीच्या वेळी चालत जाऊन प्रवाळ बघता येतात, ते पण ह्याच भागीदारीवर उभे आहेत.

आता ‘जंतूंमधे येतं’ ह्याबद्दल. जंतू म्हणताना आपल्या डोक्यात बॅक्टेरिया असतात, आणि हे बॅक्टेरिया नाहीत. बॅक्टेरियाला केंद्रक नसतं, ह्यांना असतं, पेशीला ऊर्जा पुरवणारा मायटोकॉन्ड्रिया असतो, म्हणजे पेशीची घडण बघितली तर हे आपल्या बाजूचे. १८६६ मधे हेकेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ना धड वनस्पती ना धड प्राणी अशांसाठी प्रोटिस्टा असं वेगळं राज्य काढलं, शाळेत आपण पाच राज्यांच्या तक्त्यात ते पाठ केलं आणि विसरलो. खरं सांगायचं तर ते राज्य आता मोडलंय. जनुकं वाचता यायला लागल्यावर कळलं की प्रोटिस्ट हे एक घराणं नव्हेच, वनस्पती, प्राणी आणि बुरशी बाजूला काढल्यावर केंद्रकवाल्यांमधे जे जे उरतं ते सगळं एका नावाखाली कोंबलेलं आहे. त्यामुळे नाती भलतीच निघतात. डायटमचं जवळचं नातं समुद्रातल्या लांबलचक केल्प शेवाळाशी, आणि १८४५ मधे आयर्लंडचे बटाटे कुजवून दुष्काळ पाडणाऱ्या रोगाच्या जीवाशीसुद्धा. आपलं, म्हणजे सगळ्या प्राण्यांचं, सगळ्यात जवळचं नातं कोअॅनोफ्लॅजेलेट नावाच्या बारक्या जीवांशी, एक शेपटी आणि तिच्याभोवती कॉलर, शेपटी हलवून पाणी ओढायचं आणि कॉलरवर अडकलेले बॅक्टेरिया खायचे. स्पंजच्या आतल्या पेशी हुबेहूब अशाच दिसतात. त्यातली एक जात तर विशिष्ट बॅक्टेरियाचं एक रसायन मिळालं की एकटं राहणं सोडून गुच्छ करून राहायला लागते. एकट्या पेशीपासून प्राण्याच्या शरीरापर्यंत कसं पोचलो ह्याचा धागा शोधणारे लोक म्हणून हिच्या मागे लागलेत.

आणि तरी आरोग्याशी संबंध जोडायचाच असेल तर जोडा, पण नीट जोडा. मलेरियाचा परजीवी पण प्रोटिस्टच, आणि त्याच्या पेशीत एक जुनं, रंग उडालेलं, बिनकामाचं वाटणारं हरितकण आहे, म्हणजे झाडांच्या पेशीत उन्हावर अन्न बनवतो तो भाग! रक्तात राहणाऱ्याला उन्हाचं काय काम? पण त्याचे पूर्वज कधीकाळी प्रकाशावर जगत असणार, डायनोफ्लॅजेलेटचा तो चुलत भाऊ लागतो. २००८ मधे सिडनीच्या बंदरातल्या प्रवाळांमधून क्रोमेरा नावाचा एक जीव सापडल्याचं जाहीर झालं, मलेरियावाल्याचा नातेवाईक, आणि तो चक्क अजूनही प्रकाशसंश्लेषण करतो. मलेरियाच्या परजीवीला ते जुनं हरितकण अजून लागतंच, ते बंद पाडलं तर तो मरतो, म्हणून औषधवाले त्यावर डोळा ठेवून आहेत. आमच्यासारख्या फार्मावाल्या गावाला ह्याच्यापेक्षा चांगला विषय कुठला?

हे हरितकण आलं कुठून, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते आणि भाचीला हीच सांगायची होती. फार फार पूर्वी, अब्जाहून जास्त वर्षं झाली, एका केंद्रकवाल्या पेशीने प्रकाशावर जगणारा एक बॅक्टेरिया गिळला आणि पचवला नाही. तो आतच राहिला, वाढला, आपली बरीचशी जनुकं मालकाच्या केंद्रकाला देऊन बसला आणि त्याचं हरितकण झालं. मायटोकॉन्ड्रियाची गोष्ट त्याच्याही आधीची आणि तशीच, फक्त तो बॅक्टेरिया वेगळा. लिन मार्ग्युलिस ह्या बाईंनी १९६७ मधे हे ठासून मांडलं, त्याआधी पंधराएक जर्नलनी त्यांचा लेख परत पाठवला होता, त्यामुळे भाचीला मी सांगितलंय की एका समितीच्या नकाराने काही होत नाही. पुढे गंमत वाढते. त्या पहिल्या गिळण्यातून लाल आणि हिरवी शेवाळं निघाली, मग दुसऱ्याच कुणा पेशीने अख्खं लाल शेवाळ गिळलं आणि तेही पचवलं नाही. डायटम, कोकोलिथोफोर (अंगावर चुन्याच्या बारीक चकत्या बाळगणारे एकपेशीय), बरेचसे डायनोफ्लॅजेलेट ह्यांची हरितकणं अशी दुसऱ्या हाताची आहेत. पुरावा काय, तर डायटमच्या हरितकणाभोवती चार पापुद्रे असतात, आणि क्रिप्टोफाइट नावाच्या जीवांमधे तर गिळल्या गेलेल्या शेवाळाचं आक्रसलेलं केंद्रक अजून आत शिल्लक आहे.

काहींनी तेवढीही तसदी घेतलेली नाही, ते सरळ चोरतात. मेसोडिनियम नावाचा एक सिलिएट, म्हणजे अंगावरच्या बारीक केसांनी पोहणारा एकपेशीय जीव आहे, तो क्रिप्टोफाइटला खातो आणि त्याची हरितकणं बाजूला काढून स्वतःच्या पोटात चालू ठेवतो, बरोबर त्याचं केंद्रकही ठेवून घेतो म्हणजे देखभाल होते. मग डायनोफायसिस म्हणून एक डायनोफ्लॅजेलेट येतो, तो मेसोडिनियमला नळी खुपसून शोषून घेतो आणि तीच चोरलेली हरितकणं आपण वापरतो. चोरावर मोर म्हणतात ते हेच, आणि एवढ्यावर थांबत नाही, ह्या डायनोफायसिसच्या विषाने दूषित झालेले शिंपले खाल्ले की माणसाचं पोट बिघडतं. त्यामुळे समुद्रातल्या एकपेशीय जीवांना ‘वनस्पती प्लवक’ आणि ‘प्राणी प्लवक’ (प्लवक म्हणजे पाण्याबरोबर तरंगत जाणारे) अशा दोन डब्यांत घालायची पुस्तकी सवय आता टिकत नाही, त्यातले खूप जण ऊन असेल तर ऊन खातात आणि शेजारी सापडला तर शेजारी. तुमच्या स्टॉलवर तेवढे दोन बाण काढून मोकळं होऊ नका एवढंच.

ह्या सगळ्याला किती जुना इतिहास म्हणाल तर आपल्याच देशातलं उदाहरण आहे. चित्रकूटच्या एक अब्ज साठ कोटी वर्षं जुन्या खडकात लाल शेवाळासारखे जीवाश्म सापडल्याचं २०१७ मधे प्रसिद्ध झालं. लाल शेवाळच आहे ह्यावर सगळ्यांचं एकमत नाही, पण केंद्रकवाल्या जीवांचे तेवढे जुने अवशेष जगात मोजक्याच ठिकाणी मिळतात, आणि आपण चित्रकूटला जातो ते फक्त घाटावर दिवे सोडायला.

आता कामाचं. पृथ्वीवर वर्षभरात प्रकाशसंश्लेषणातून जेवढं अन्न बनतं त्यातलं जवळजवळ अर्धं समुद्रात बनतं, आणि एकट्या डायटमचा वाटा सगळ्या पृथ्वीच्या साधारण पाचवा हिस्सा धरतात. गंमत अशी की वजनाने ही मंडळी जमिनीवरच्या झाडांपुढे एक टक्कासुद्धा भरत नाहीत, कारण झाड वर्षानुवर्षं लाकूड साठवत बसतं आणि इथे आज जन्मलेला चार-सहा दिवसांत कुणाच्या तरी पोटात जातो.

इथे एक विनंती, ‘आपला प्रत्येक दुसरा श्वास समुद्रातून येतो’ हे वाक्य प्लीज कुठल्याही चार्टवर लिहू नका, मला माहितीये कुणीतरी लिहिणारच आहे. समुद्रात ऑक्सिजन बनतो खरा पण त्यातला जवळजवळ सगळा समुद्रातच श्वासात आणि कुजण्यात खर्च होतो. हवेत जो साठा आहे तो कोट्यवधी वर्षांत थोडा थोडा शिल्लक पडून झालाय, जेव्हा जेव्हा मेलेल्या जीवांचा कार्बन कुजायच्या आत गाळात गाडला गेला तेव्हा तेव्हा. शिवाय समुद्रातल्या त्या अर्ध्या कामात बॅक्टेरियांचाही मोठा वाटा आहे, प्रोक्लोरोकोकससारख्यांचा, सगळं श्रेय आमच्या पार्टीला देऊन चालणार नाही. तसंच कुणीतरी उत्साहाने शाळेतला खडू ठेवून ‘हा कोकोलिथोफोरचा’ असं लिहील, इंग्लंडमधले डोव्हरचे पांढरे कडे त्यांच्या कवचांचे आहेत हे बरोबर, पण शाळेतला खडू आता बहुतेक जिप्समचा असतो.

खाणाऱ्यांची बाजू तर लोकांना अजिबात माहीत नसते. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख बॅक्टेरिया असतात, एक-दोन दिवसांत ते दुप्पट होऊ शकतात, तरी आकडा दहा लाखाच्या आसपासच राहतो. कारण त्यांना खाणारे शेपटीवाले बारीक प्रोटिस्ट, मिलिलिटरला हजारेक, अखंड चरत असतात, आणि बाकीचे व्हायरस मारतात. पाण्यात विरघळून गेलेलं अन्न बॅक्टेरिया उचलतात, बॅक्टेरियाला हे खातात, ह्यांना सिलिएट खातात, सिलिएटला कोळंबीचे बारके भाऊबंद खातात, आणि अशा तऱ्हेने वाया गेलेला माल पुन्हा माशापर्यंत येतो. १९८३ मधे फारूक आझम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या फेऱ्याला नीट नाव दिलं, त्याआधीची पुस्तकं डायटम, झिंगा, मासा एवढ्यावर आटपायची. आणि खाताना जे नायट्रोजन-फॉस्फरस बाहेर टाकलं जातं त्यावर पुन्हा डायटम वाढतात. प्लांटमधे सॉल्व्हेंट रिकव्हरी, म्हणजे वापरलेला द्रावक परत मिळवणं, नीट नसेल तर धंदा बसतो हे मला कुणी शिकवायला नको, समुद्रात ते खातं ह्यांच्याकडे आहे.

कार्बनच्या बाबतीत कोण वाढतंय ह्यावर सगळं अवलंबून असतं, आणि ह्याचं उत्तम उदाहरण आपल्या लोकांनीच करून ठेवलंय. २००९ च्या सुरुवातीला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने आणि जर्मन संस्थेने मिळून दक्षिण महासागरात पोलारस्टर्न जहाजावरून लोह सोडलं, लोहाफेक्स नावाचा प्रयोग. कल्पना अशी की तिथे लोहाची टंचाई आहे, ते दिलं की एकपेशीय शेवाळ माजेल, हवेतला कार्बन ओढेल आणि मरून तळाशी जाईल. पर्यावरणवाल्यांनी आरडाओरडा केला, मधे काही दिवस काम थांबवावं लागलं, शेवटी झालं. वाढ झाली, पण त्या पाण्यात सिलिका कमी होती म्हणून जड काचेच्या कवचाचे डायटम वाढलेच नाहीत, दुसरी मऊ शेवाळं वाढली आणि झिंग्यांच्या जातीच्या जीवांनी ती फस्त केली, कार्बन खाली गेला तो अगदी थोडा. म्हणजे हवामान बदलावर शॉर्टकट शोधणाऱ्यांना आधी कुठला प्रोटिस्ट उगवणार हे विचारावं लागतं. मला तर हा प्रयोग फसला असं वाटत नाही, उलट इतकं स्वच्छ उत्तर कमी प्रयोगांत मिळतं.

गुणगानच करत नाहीये मी. त्यांच्यात विषारी आहेत, अलेक्झांड्रियमच्या विषाने शिंपले खाणारा माणूस श्वास थांबून मरू शकतो. आपल्या अरबी समुद्रात हिवाळ्यात तो पोस्टरवाला नॉक्टिल्युका हिरवं रूप घेऊन प्रचंड पसरतो, पोटात हिरवं शेवाळ बाळगून आणि वर डायटम पण खाऊन, दोन्हीकडून कमाई. डायटम कमी झाले की त्यांच्यावर चालणारी साखळी बदलते, नॉक्टिल्युका खाणारे कमी, जेलीफिशसारख्यांचं फावतं. पोरबंदर-वेरावळच्या मच्छीमाराला हा विषय डॉल्फिनपेक्षा जास्त जवळचा आहे.

अजून किती जाती आहेत ह्याचा पत्ता कुणालाच नाही. २००९ ते २०१३ तारा नावाच्या शिडाच्या जहाजाने जगभर पाणी गाळून जनुकं वाचली, उजेडाच्या थरातच केंद्रकवाल्यांचे दीड लाखाच्या आसपास प्रकार निघाले, बहुतेक एकपेशीय, आणि त्यातले जवळजवळ एक तृतीयांश कुठल्याच ओळखीच्या गटात बसेनात.

सजावटीचं म्हणाल तर १९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाचं मुख्य प्रवेशद्वार रेने बिने ह्या वास्तुकाराने हेकेलने काढलेल्या रेडिओलॅरियाच्या चित्रांवरून बांधलं होतं. रेडिओलॅरिया म्हणजे पुन्हा सिलिकाचा सांगाडा असलेले एकपेशीय. आपल्याकडे गणपतीत थर्माकोल बंद झाल्यापासून पुठ्ठ्याच्या गेटचे कारागीर दांडिया बाजारात बसलेत, त्यांना एक चित्र देऊन बघा, महालाच्या कमानीपेक्षा वेगळं काहीतरी होईल.

मागणं फार नाही. एक टेबल, एक प्लग पॉइंट, आणि खिडकीपासून जरा लांबची जागा. मायक्रोस्कोपची सोय मी करतो, कच्छचे न्यूम्युलाइट एका भूगर्भवाल्या मित्राकडे आहेत, तो द्यायला तयार आहे, हातात घेऊन बघता येतील. जागा शेव-उसळच्या स्टॉलशेजारी देऊ नका, रश्श्याची वाफ लेन्सवर बसते आणि तिखट हात काचपट्टीवर. डॉल्फिनसाठी दुसरी पोरं रांगेत उभी आहेत, भाचीचं नाव तिथून काढून इकडे टाका. बडोद्याहून कावी-कंबोई काही फार लांब नाही, ओहोटीला खंभातच्या आखाताचा थोडा चिखल आणला तर जिवंत डायटम पण दाखवता येतील, ओल्या चिखलावर सोनेरी-तपकिरी साय धरल्यासारखं दिसलं तर ते बहुतेक तेच.

उत्तर ग्रुपवर द्या किंवा फोन करा, पण ह्या आठवड्यात द्या, स्लाइड बनवायला वेळ लागतो.

आपला,
नंदेसरीत हायफ्लोचे बेड टाकणारा एक बडोदेकर मामा

ता.क. : स्टॉलवर हायफ्लोची उघडी पावडर ठेवणार नाही, आणि दुसऱ्या कुणी आणली तर ठेवू देऊ नका. भाजलेल्या हायफ्लोत स्फटिकी सिलिका असते, ती छातीत गेली तर फुफ्फुसाला वाईट, आम्ही पोतं फोडताना मास्क लावतो. पोरांना फुंकर मारायची सवय असते, म्हणून फक्त कव्हर स्लिप लावून कडा बंद केलेल्या स्लाइड.